खोचरेसाहेबांचा परवाना सुटत नाही

शेलारपेठ नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात त्या सकाळी हार तयार होता, पेढे तयार होते, मुख्याधिकारी बोंद्रे यांचं भाषणही तयार होतं. तयार नव्हतं ते दामोदर खोचरे यांचं मन, आणि ही गोष्ट सबंध गावात एकट्या खोचऱ्यांना ठाऊक होती.

खोचरे कपाळाला पट्टी बांधून नियंत्रणकक्षातल्या खुर्चीत बसले होते. शेजारच्या खुर्चीत तशीच पट्टी बांधून रेहाना मुल्ला बसली होती. रेहाना सत्तावीस वर्षांची. महिनाअखेरीला खोचरे निवृत्त झाले की केंद्राची नियंत्रण अभियंता तीच होणार होती. पडद्यावर एकच ओळ होती: 'मी हा परवाना स्वेच्छेने सोडत आहे.' खाली 'होय' असं हिरवं बटण. खोचऱ्यांनी ते दाबलं.

यंत्रानं चार सेकंद विचार केला. मग अक्षरं उमटली: 'हस्तांतरण अपूर्ण. धारकाने काहीतरी धरून ठेवले आहे. उरलेले प्रयत्न: दोन.'

"म्हणजे काय?" बोंद्रे म्हणाले. हार त्यांच्या हातात अर्धवट उघडा राहिला होता.

"म्हणजे सरांना सोडवत नाहीये," रेहाना हळूच म्हणाली.

बोंद्र्यांचे डोळे भरून आले. सरकारी नोकरीत त्यांनी लोकांना खुर्ची न सोडताना पाहिलं होतं, पण खुर्ची सोडून काम न सोडणारा माणूस प्रथमच पाहत होते. "ही निष्ठा!" ते म्हणाले आणि ठरवलेलं भाषण त्यांनी तिथंच केलं. पेढेही वाटले गेले. फक्त परवाना होता तिथंच राहिला.

हा परवाना म्हणजे काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं. पाण्याचे पंप, गाळण्या, झडपा हे सगळं ज्या डब्याच्या हुकमानं चालतं त्याला पीएलसी म्हणतात. त्या डब्याला काय शिकवायचं हे ज्या प्रणालीतून लिहितात, तिला परवाना लागतो. जुन्या काळी हा परवाना संगणकात असे. संगणक बिघडला की परवानाही गेला. मग तो डोंगल नावाच्या बोटभर खुंटीत आला. खुंट्या हरवू लागल्या, खिशाबरोबर धुतल्या जाऊ लागल्या, चोरीलाही जाऊ लागल्या. अखेर एका दूरच्या देशात चोरलेल्या परवान्यानं कुणीतरी धरणाचे दरवाजे उघडले, आणि जगभर कायदे बदलले. नव्या कायद्यानं परवाना माणसातच ठेवला. माणसाचा हात हलण्याआधी मेंदूत तयारीची एक बारीक लाट उठते. प्रत्येकाची लाट वेगळी, अंगठ्याच्या ठशासारखी. कपाळाची पट्टी ती लाट ऐकते आणि ओळख पटली तरच प्रणाली उघडते. या ठशाला नाव दिलं गेलं मज्जामुद्रा. एका केंद्राला एकच धारक.

पण माणसाच्या गळ्याला सुरी लावून 'सोड परवाना' म्हणता येतंच की. म्हणून परवाना सोडताना, किंवा डब्याला एखादा धोक्याचा हुकूम देताना, पट्टी आणखी एक गोष्ट तपासते. तोंडानं 'हो' म्हणताना माणूस मनात काही दडपत असेल, तर मेंदूच्या पुढच्या भागात एक ओढाताण सुरू होते, ती पट्टीला दिसते. काय दडपलंय ते तिला कळत नाही. भीती, लोभ, प्रेम, सगळं तिला सारखंच. तिला एवढंच कळतं की मूठ मिटलेली आहे. तीन वेळा मिटलेली मूठ दिसली की परवाना सहा महिने गोठतो. आणि धारक निवृत्त झाला की परवाना विझतो. शेलारपेठेच्या नव्या वस्तीचे तीन पंप जोडणीवाचून उभे होते. परवाना विझला तर ते तसेच उभे राहिले असते, आणि नव्या वस्तीच्या मतदारांनी बोंद्र्यांना उभं राहू दिलं नसतं.

खोचऱ्यांच्या मुठीत होता एक फोर्स.

पीएलसीच्या धंद्यात फोर्स मारणं म्हणजे डब्याच्या डोळ्यांवर झापड बांधणं. सेन्सर काहीही ओरडो, 'मी सांगतो तेच खरं मान' असा हुकूम. चाचणीपुरता मारतात, चाचणी झाली की काढतात. प्रत्येक इंजिनियर आयुष्यात एखादा काढायला विसरतो. खोचरे विसरले नव्हते, हेच दुखणं होतं.

अकरा वर्षांपूर्वी, गौरी जेवायच्या दिवशी, क्लोरीनच्या खोलीतला वायू-सेन्सर पावसाळी दमटपणानं बिथरला. गळती नसताना गळती दाखवू लागला. वायू दिसला की सगळं केंद्र आपोआप बंद पडे. त्या सकाळी ते तीनदा बंद पडलं. बायका घागरी घेऊन नगरपालिकेवर आल्या. तेव्हाचे नगराध्यक्ष फोनवर म्हणाले, "खोचरे, आज गौरी तहानल्या तर उद्या तुम्ही दिसणार नाही." खोचऱ्यांनी पट्टी बांधली आणि सेन्सरवर फोर्स मारला: 'वायू नाही.' पट्टीनं हरकत घेतली नाही, कारण 'फक्त एक दिवस' हे खोचऱ्यांना त्या क्षणी अगदी मनापासून खरं वाटत होतं. दडपलेलं खोटं यंत्र पकडतं. स्वतःलाच पटलेलं खोटं त्याच्याच्यानं पकडवत नाही.

दुसऱ्या दिवशी नवा सेन्सर मागवला. तो चौदा महिन्यांनी आला आणि निराळ्याच मापाचा आला. तोवर केंद्राला विभागाचा 'अखंड जल पुरस्कार' मिळाला होता: वर्षभरात एकदाही बंद न पडलेलं केंद्र! बंद पडणार कसं? बंद पाडणाऱ्याच्या तोंडावर बोळा होता. मग दरवर्षी पुरस्कार मिळत गेला. दहा ढाली झाल्या. फोर्स काढायचा तर त्याची तारीख-वारानिशी नोंद थेट राज्याच्या जलकक्षाकडे जाणार, खाली खोचऱ्यांची मुद्रा. आणि परवाना हस्तांतरित करायचा तर नव्या धारकाला वारसापत्र मिळतं, त्यात जुन्या धारकानं चालू ठेवलेल्या सगळ्या फोर्सांची यादी असते.

यादीत एकच ओळ होती. त्या ओळीपलीकडे एक माणूस होता.

आण्णाप्पा कोरे क्लोरीन-खोलीचा ऑपरेटर. रोज चार वेळा त्या खोलीत जाऊन टाक्यांचे काटे बघायचे, झडपा फिरवायच्या. दारावर एक दिवा: वायू नसला की हिरवा, असला की लाल. दुसरा कुणी असता तर वासावरून गळती ओळखली असती. पण आण्णाप्पाचं नाक मोठ्या साथीत गेलं ते परत आलंच नाही. बायकोनं करपवलेली आमटी तो वाखाणून खाई. "सायेब," तो म्हणे, "देवानं नाक काढून घेतलं, पण दारावर दिवा दिला. दिवा हिरवा, मी बिनघोर."

बिनघोर नव्हते ते खोचरे. अकरा वर्षं रोज सकाळी पावणेसहाला, आण्णाप्पा यायच्या आधी, ते अमोनियात भिजवलेला बोळा घेऊन त्या खोलीत शिरत आणि एकेका सांध्यापाशी तो धरत. क्लोरीन निसटत असेल तर अमोनियाशी भेट होऊन पांढरा धूर निघतो. धूर नाही म्हणजे आजची सकाळ निभावली. दुपारी जेवणानंतर पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. या कामापायी त्यांनी अकरा वर्षांत एक रजा घेतली नव्हती. सेवापुस्तकात 'अनुकरणीय' असा शेरा होता.

एकतीस तारखेनंतर तो बोळा धरणारं कुणी नव्हतं.

*

"तुमचं मन तिथं अडकलंय, हे सांगायला पट्टी कशाला लागते?" कुमुदताई चहाचा कप ठेवत म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली, तुम्ही माझ्या माहेरी मुक्काम केला नाहीत. सुट्टीच्या दिवशी धारवाडला गेलो की संध्याकाळच्या गाडीनं परत. एकदा मला वाटलं, तिथं कुणी बाई असेल."

"बाई?"

"मग काय करणार! डबा द्यायच्या निमित्तानं येऊन बघितलं. तिथं आण्णाप्पा होता. मी म्हटलं, छे."

खोचरे हसले, पण हसू अर्ध्यात थांबलं. कुमुदताईंचं लक्ष होतं.

"आणि त्या ढाली," त्या म्हणाल्या. "लोक पुरस्कार भिंतीवर लावतात. तुम्ही दहाच्या दहा कपाटात, तोंडं आत करून. मी एकदा बाहेर काढल्या तर जेवला नाहीत. यंत्राला कळतं आणि बायकोला कळत नाही असं समजता काय?"

"काय कळतं?"

"काय ते नाही कळत. काहीतरी आहे, एवढं कळतं. यंत्राइतकंच. बोलायचं तर बोला, नाहीतर राहू द्या, पण चहा गार करू नका."

खोचऱ्यांनी चहा घेतला. शब्द ओठांपर्यंत आले, बशीत सांडले आणि बशी विसळली गेली. पावणेसहा वाजत आले होते.

दुसऱ्या प्रयत्नाची तयारी बोंद्र्यांनी शास्त्रशुद्ध केली. पहिल्या निरोप समारंभात भावना कमी पडल्या असाव्यात असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून आठवड्यानं दुसरा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात 'जलयोगी' हा शब्द चार वेळा होता. बोलायला उठलेल्या प्रत्येकानं 'आता मोकळे व्हा साहेब' अशी विनंती केली. वॉर्ड क्रमांक सातच्या नगरसेविकेला तर हुंदका आवरेना. परवाना देणाऱ्या कंपनीनं पुण्याहून एक सल्लागार पडद्यावर हजर ठेवला होता. तरुण, मृदू आवाजाचा.

"सर, डोळे मिटा. परवाना म्हणजे एक फुगा आहे अशी कल्पना करा."

खोचऱ्यांनी कल्पना केली.

"फुगा कसा आहे?"

"हिरवट-पिवळा."

"छान! आता त्याचा दोरा सोडा. वर जातोय?"

"नाही," खोचरे म्हणाले. "जमिनीलगत पसरतोय. हवेपेक्षा जड आहे."

'हस्तांतरण अपूर्ण. धारकाने काहीतरी धरून ठेवले आहे. उरलेले प्रयत्न: एक.'

बोंद्र्यांचे डोळे यावेळी भरून आले नाहीत. ते खोचऱ्यांना व्हरांड्यात घेऊन गेले. "खोचरेसाहेब, प्रेम समजू शकतो. पण प्रेमालाही काही कार्यालयीन वेळ असते की नाही? शेवटचा प्रयत्न दसऱ्याला. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे. यंत्र जर्मन असलं तरी वीज आपली आहे. त्या दिवशी सोडा म्हणजे सोडाच."

खोचरे 'हो' म्हणाले. कपाळाला पट्टी नव्हती, म्हणून ते चाललं.

*

त्या दिवसापासून त्यांची झोप चाळणीसारखी झाली. खुर्चीत बसले की उठावंसं वाटे, उठले की क्लोरीन-खोलीकडे जावंसं वाटे. तीनदाचा बोळा पाचदा धरू लागले. आण्णाप्पा म्हणाला, "सायेब, जाताजाता येवढी माया लावू नका. त्या टाक्या रडतील."

त्यातच रेहाना. ही मुलगी प्रश्न फार विचारत नसे, म्हणून तिची भीती वाटे. तिला अजून प्रणालीत हात घालता येत नव्हता, पण जुनी आलेखपत्रं बघायला परवाना लागत नाही. एका दुपारी ती पडदा खोचऱ्यांकडे वळवून म्हणाली, "सर, हा क्लोरीन-खोलीचा आलेख. अकरा वर्षांचा."

पडद्यावर एक रेघ होती. आडवी. सरळ.

"शून्य," खोचरे म्हणाले. "चांगलंच आहे की."

"शून्य ठीक आहे सर. पण जिवंत सेन्सरचं शून्य थोडं थरथरतं. थंडीत खाली, उन्हात वर. हे थरथरत नाही." ती थांबली. "आमच्या अब्बांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा यंत्रावरची रेघ वेडीवाकडी होती, तर अम्मी रडत होती. डॉक्टर म्हणाले, वेडीवाकडी आहे तोवर रडू नका."

खोचऱ्यांनी चष्मा पुसला. "देखभाल चांगली आहे," ते म्हणाले.

रेहानानं त्यांच्याकडे पाहिलं. वाद घातला नाही. "हो सर. परवाना मिळाला की वारसापत्रात बघतेच मी."

एवढं बोलून ती पुढच्या आलेखाकडे वळली. खोचरे उठले, बोळा भिजवला आणि त्या दिवशी सहाव्यांदा क्लोरीन-खोलीत गेले. धूर निघाला नाही. त्यांना वाटलं, एकदा निघावा. एकदा निघाला तर धावत जाऊन सांगता येईल, 'बघा, बिघाड झाला!' आणि जुनं सगळं त्या नव्या बिघाडाखाली गाडता येईल. मग हा विचार आपल्या डोक्यात आला याचीच त्यांना इतकी लाज वाटली, की त्यांनी सगळे सांधे पुन्हा तपासले.

*

खंडेनवमीला केंद्रात हत्यारांची पूजा असे. पंपांना, मोटारींना, पान्यांना, पॅनेलच्या दाराला हळद-कुंकू, झेंडूचा हार. आण्णाप्पा सकाळपासून आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून हिंडत होता. त्या दिवशी कुणी हत्याराला कामासाठी हात लावायचा नाही. जे चालू आहे ते आपलं आपण चालायचं.

खोचरे बोळा लपवून क्लोरीन-खोलीतून बाहेर पडत होते, तेवढ्यात आण्णाप्पा ताट घेऊन दारात आला. "बरं झालं सायेब, हाईत. पूजा तुमच्या देखत हुं दे. शेवटचीच की." दिव्याकडे पाहिलं, हिरवा, आणि तो आत शिरला. टाक्यांना टिळे लावले. मग स्टुलावर चढला आणि कोपऱ्यातल्या सेन्सरच्या जाळीवर ओल्या कुंकवाचं बोट दाबून फिरवलं. चांगलं रुपयाएवढं.

खोचऱ्यांनी वर पाहिलं, अकरा वर्षांत प्रथमच; त्यांचे डोळे कायम सांध्यांवर असत. जाळी दिसतच नव्हती. अकरा वर्षांचं कुंकू, हळद, तेल, एकावर एक, वाळून कवच झालं होतं. श्वास घ्यायला सुईच्या टोकाएवढंही भोक उरलं नव्हतं.

"आण्णाप्पा, हे दरवर्षी?"

"दरवर्षी म्हंजे? पयल्यापास्नं." आण्णाप्पानं सेन्सरला हार घातला आणि स्टुलावरच दोन्ही हात जोडले. "मोटारीचं काय, न्हाई चालली तर दुरुस्त करता येती. ह्यो माझा राखणदार हाय. घरात बी सांगून ठेवलंय, माझं काय झालं तर ह्येला दोष देऊ नका, ह्यो इमानी हाय. आपलंच आयुष्य सरलं म्हना."

खोचऱ्यांनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

"काय हुतंय सायेब? पानी आनू?"

"आण्णाप्पा, खाली उतर," खोचरे म्हणाले. "तो मेलेला आहे."

"कोन?"

"सेन्सर. अकरा वर्षं झाली. मी त्याचं तोंड बांधलंय. तो दिवा त्याचा नाही, माझा आहे. मी हिरवा ठेवलाय म्हणून हिरवा."

आण्णाप्पा स्टुलावरून उतरला. ताट खाली ठेवलं. मग त्याचा बोटांवर हिशेब सुरू झाला. "दिवसाला चार वेळा," तो म्हणाला. "अकरा वर्सं. एवढ्या येळा मी आत आलो. देवाचं नाव घिऊन न्हाई, तुमच्या दिव्याचं घिऊन."

"मी रोज तपासत होतो. पावणेसहाला. अमोनिया..."

"म्हंजे तुमास्नी ठावं हुतं." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "रोज ठावं हुतं. रोज माझ्यासंगं च्या पित हुतासा."

"हो."

"मी मेलो असतो तर हार घिऊन आला असतासा."

ते खरं होतं. आले असते. मोठा हार आणला असता.

ते वळले आणि नियंत्रणकक्षाकडे चालू लागले. मागून आण्णाप्पा ओरडला, "आज हत्याराला हात लावायचा न्हाई!" ते ओरडणं रागाचं होतं की सवयीचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

रेहाना कक्षात होती. खोचऱ्यांनी खुंटीवरची झेंडूची माळ बाजूला करून पट्टी काढली आणि कपाळाला बांधली. "तू बरोबर होतीस," ते म्हणाले. "ती रेघ मेलेली आहे. बस इथं. बघ."

प्रणाली उघडली. एका ओळीसमोर पिवळा त्रिकोण होता. खोचऱ्यांनी त्यावर बोट ठेवलं. 'हा फोर्स ११ वर्षे १ महिना चालू आहे. काढायचा? नोंद जलकक्षाकडे जाईल.'

काढला.

मेलेला सेन्सर डब्याला दिसला, आणि मेलेला सेन्सर म्हणजे धोका असंच त्याला शिकवलेलं होतं. क्लोरीन-खोलीच्या दारावरचा दिवा लाल झाला, भोंगा वाजला, आणि अकरा वर्षं न थांबलेले पंप एकेक करून, झेंडूच्या हारासकट, थांबले. शेवटचा थांबला तेव्हा इतकी शांतता झाली की बाहेरच्या चिंचेवरचे पोपट ऐकू आले.

"सर," रेहाना म्हणाली, "पट्टी काढू नका." तिनं दुसरी पट्टी स्वतःच्या कपाळाला बांधली. "बोंद्रेसाहेब यायच्या आत."

"मुहूर्त उद्याचा आहे."

"उद्या तुमचं मन कसं असेल काय माहीत. आज मोकळं दिसतंय."

खोचऱ्यांनी हिरवं बटण दाबलं. यंत्रानं चार सेकंदही घेतले नाहीत. 'हस्तांतरण पूर्ण.' बस्स. ना आभार, ना अभिनंदन. खोचऱ्यांनी सवयीनं एक खिडकी उघडायला हात हलवला. खिडकी उघडली नाही. तीस वर्षं ज्या घराची किल्ली होती, त्या घरानं त्यांना ओळखलं नाही. आतून काहीतरी ओरबाडून गेल्यासारखं झालं. मोकळं होणं असं असतं हे पुण्याच्या सल्लागारानं सांगितलं नव्हतं.

*

बोंद्रे जीपमधून उतरले ते बोलतच. "उद्या दसरा! गावात पाणी नाही! जलकक्षाचा फोन! खोचरेसाहेब, हे काय केलंत? लावा, तो काय फोर्स का काय, परत लावा आधी!"

"माझ्या हातात नाही," खोचरे म्हणाले. "परवाना मघाशीच गेला."

बोंद्रे उभे राहिले. "इतके दिवस सुटत नव्हता! दोन समारंभ केले मी!" मग ते रेहानाकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम वडीलधारा झाला. "मुल्लामॅडम, बसा. शांतपणे ऐका. नवा सेन्सर मागवू. आजच्या आज पत्र काढतो. तोवर फक्त उद्याचा एक दिवस..."

खोचरे म्हणाले, "मलाही एकच दिवस म्हणाले होते."

"तुम्ही बोलू नका! तुमची चौकशी लागेल!"

रेहानाच्या कपाळावर पट्टी होती. नोकरी पक्की व्हायला तिला अजून वर्ष होतं, आणि शेरा लिहिणारा हात बोंद्र्यांचाच होता. तिची बोटं कळफलकावर होती, पण हलत नव्हती. खोचरे ते हात बघत राहिले. आता त्यांना काहीही करता येत नव्हतं, आणि अकरा वर्षांत ते कधी इतके घाबरले नव्हते.

तेवढ्यात फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज आला. आण्णाप्पा नियंत्रणकक्षातली एक खुर्ची ओढत नेत होता.

"कुठं चाललास?" बोंद्रे खेकसले.

"क्लोरीनच्या खोलीत." त्यानं दुसरी खुर्ची उचलून बोंद्र्यांपुढे धरली. "ही तुमची. चला सायेब. म्याडम दिवा हिरवा करतील, आपुन दोघं आत बसू. येक दिवसाचा तर प्रश्न हाय. उद्या सांच्यापतुर पान खात बसू. मला नाक न्हाई, तुमास्नी हाय. काय वास आला तर सांगा मला."

बोंद्र्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग आण्णाप्पाच्या धोतराकडे, मग दारापलीकडच्या लाल दिव्याकडे. मुख्याधिकाऱ्याला अनेक गोष्टींचं प्रशिक्षण मिळतं. असल्या खुर्चीत बसण्याचं त्यात नव्हतं.

रेहानानं कळफलकावरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले. "साहेब, क्लोरीन बंद ठेवून ब्लीचिंग पावडरीचं द्रावण करते. हातानं घालायचं. क्लोरीनवाचून पंप चालतील अशी जोडणी बदलायला परवा सकाळ उजाडेल. तोवर टँकर सांगा."

"परवा!" बोंद्रे म्हणाले. पण खिशातून फोन काढत ते बाहेर गेले, आणि टँकर हा शब्द तीनदा ऐकू आला.

खोचरे आण्णाप्पाजवळ गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आण्णाप्पानं खुर्ची जागेवर ठेवली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "जावा घरी. च्या न्हाई आज."

*

दसऱ्याच्या सकाळी पेठेच्या चौकात टँकर आला. घागरी, बादल्या, कळश्या, पिंप यांची रांग मारुतीच्या देवळापर्यंत गेली होती. खोचरे दोन घागरी घेऊन रांगेत उभे होते. घरी त्यांनी कुमुदताईंना सगळं सांगितलं होतं. त्यांनी पायांत चपला घातल्या. मग म्हणाल्या, "आण्णाप्पाच्या घरी मी जाते. तुम्ही पाणी आणा."

रांगेत सगळं गाव एकाच विषयावर बोलत होतं.

"सणाच्या दिवशी! पुरणपोळी काय सोड्यात शिजवायची?"

"कुणी तरी मुद्दाम बंद केलंय म्हणे."

"अहो, आमच्या भाच्यानं सांगितलं ना. कुणीतरी खोचरे म्हणून आहे. त्यानंच."

"कोण हा खोचरे? कुठं राहतो? एकदा दाखवा तरी."

पावणेसहाला त्या खोलीत जायचं नव्हतं, असा हा अकरा वर्षांतला पहिला दिवस होता. खोचऱ्यांना गप्प राहता आलं असतं. नंबर जवळ आला होता, पुढे चारच माणसं होती.

"मी," ते म्हणाले.

रांग वळली. एवढ्या लोकांनी एकदम पाहिलं की माणसाला आपले हात कुठं ठेवावेत ते कळत नाही. खोचऱ्यांच्या हातांत घागरी होत्या, तेवढी सोय होती. कुणीतरी काहीतरी कडक बोलायला तोंड उघडलं, पण आधी कुणी बोलायचं ते ठरेना.

शेवटी एक म्हातारी, कळशी कमरेवर घेऊन, दोन पावलं पुढे आली. त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच व्हय?" ती म्हणाली. "मग हितं काय उभा राहिलायस? जा की मागं. शेवटाला."

खोचऱ्यांनी घागरी उचलल्या आणि देवळापर्यंत चालत गेले. शेवटच्या माणसाच्या मागे घागरी ठेवल्या आणि उभे राहिले. टँकरचं पाणी तिथपर्यंत पुरेल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.